चौकशीबाईचं दार

मुलांसाठी मदतनिसांवरची पुस्तकं काढायला घेतली की चित्रांतले सगळे हसायला लागतात. अग्निशामक हसतो, नर्स हसते, पोस्टमन हसतो, गटार उपसणारासुद्धा गटारात कमरेपर्यंत उतरून हसतो. चित्रकाराला सांगून थकले की अरे, कामावर माणसं हसत नाहीत, दमतात. तो म्हणतो, "बाई, मुलं घाबरतील." मुलं घाबरत नाहीत, प्रकाशक घाबरतो. ते असो.

अशी आठ पुस्तकं झाल्यावर नववं शाळेच्या दारावर बसणाऱ्या बाईवर करायचं ठरलं. घरी पंख्याखाली बसून मदतनीस रचायचे, हे मला जमत नाही. ज्याच्यावर लिहायचं त्याच्या शेजारी जाऊन बसावं लागतं. म्हणून पलीकडच्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेशी बोलले (तिला सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात), तिची परवानगी घेतली आणि एका सकाळी शाळेच्या दारात उभी राहिले.

मोठं लोखंडी दार बंद होतं. त्याच दारात एक माणूस वाकून जाईल एवढं लहान दार कापलेलं, आणि त्या लहान दाराला डोळ्यांच्या उंचीवर एक फट. फटीत जाड चष्मा.

"कोण?"

"मी पुस्तकं लिहिते. मोठ्या बाईंशी बोलणं झालंय."

"कसली पुस्तकं?"

"मुलांची."

"तुमचं मूल कोणतं इथे?"

"माझं नाही कुणी."

"नातवंड?"

"तेही नाही."

"मग?"

मुलं नसलेली म्हातारी मुलांच्या शाळेत रोज येऊन बसणार म्हणते. तिच्या जागी मी असते तर मलाही ते खटकलं असतं, पण उन्हात उभी मी होते. फट बंद झाली. आत घंटा वाजली, कुणीतरी ऑफिसातून आलं, कुजबुज झाली, मग कुलूप निघालं. आत घेतल्यावर तिने माझी पिशवी उघडायला लावली. चष्म्याची डबी, पेन्सिली, कोरे कागद आणि खोकल्याच्या गोळ्या.

"या गोळ्या कुणासाठी?"

"माझ्या घशासाठी."

"मुलांना द्यायच्या नाहीत."

"मी कशाला देऊ?"

"गोड बोलणारे गोळ्यांपासूनच सुरुवात करतात," ती म्हणाली आणि गोळ्या स्वतःच्या खिशात टाकल्या. "खोकला आला की मागा."

शाळेतल्या शिक्षिका तिला पाठीमागे 'चौकशी' म्हणत, मुलं तोंडावर 'मावशी' म्हणत. मी पहिल्याला 'बाई' जोडून चौकशीबाई केलं. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी 'अगं'वर आले. ती 'तुम्ही'वरच राहिली. 'अहो' म्हटलं की माणूस हातभर लांब राहतो, असं तिचं म्हणणं.

अंगाने काटकुळी. अंगात स्वतः शिवलेला, गुडघ्यापर्यंतचा, खिशांचाच म्हणावा असा झगा. एका खिशात किल्ल्या, एकात शिट्टी, एकात सुई-दोरा. बसायला स्टूल होतं, त्यावर मुलांची विसरलेली पाण्याची बाटली नाहीतर एखादा मोजा बसलेला असे. ही उभी. पाठ भिंतीला आणि तोंड दाराला. बोलायचं असलं तरी माझ्याकडे न बघता बोले.

आणि संशय कुणावर नाही? पोस्टमन नवा दिसला की जुना कुठे गेला ते आधी सांगायचं. पाण्याचं मीटर बघायला आलेल्याने मीटर कुठे आहे ते तिला बाहेरूनच सांगायचं. खरा असेल तर ठाऊकच असणार. एका आजोबांना तर तिने नातवाचं लाडाचं नाव विचारलं. म्हातारा गडबडला, नातवाला घरात दहा नावं. "एक तरी सांगा," ही ठाम. शेवटी त्याने बिचाऱ्याने खालच्या आवाजात "भोपळ्या" असं सांगितलं, मग दार उघडलं. त्या मुलाला अख्खी शाळा अजून भोपळ्या म्हणते.

तिचा नवरा बसवरून निवृत्त झालेला. दुपारी तिचा डबा घेऊन यायचा, गरीब स्वभावाचा, थट्टेखोर. "मलापण विचारते हो, कोण," तो मला म्हणाला. "लग्नाला किती वर्षं झाली, तेही फटीतून विचारून खात्री करते."

"डबा कुणी भरला?" आतून आवाज.

"शेजाऱ्याने," तो म्हणाला. "विष घालून."

"झाकण सैल आहे."

"मीच भरलाय गं. घे आता, हात दुखला."

मी माझी आधीची पुस्तकं तिला वाचायला दिली. वाटलं, बाईला कळेल आपण काय करतो आणि जरा सैल पडेल. दुसऱ्या दिवशी तिने ती परत केली, पण त्यातलं अग्निशामकाचं पुस्तक एका पानावर उघडून.

"हे तुम्ही लिहिलंत?"

तिथे लिहिलं होतं की वाट चुकलात, भीती वाटली, तर युनिफॉर्ममधल्या माणसाकडे जा, तो तुमचा मित्र आहे.

"हो. मग?"

"तो युनिफॉर्म शिवला कुणी?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी."

शाळेत यायच्या आधी ती एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणाला होती. दुकान युनिफॉर्मचं. हॉस्पिटल, बस, आग विझवणारे, पाणीखातं, सगळ्यांचे तिथे. मालकाचा नियम एकच, माप द्या आणि कपडा न्या. कुणी, कशाला, हे विचारायचं नाही. नाटकवाले येत, तसे इतरही येत. एकदा एका उंच माणसाने पाणीखात्याचा सदरा शिवून घेतला. कॉलर बसेना, तर हिने ती उसवून, हातशिलाईने पुन्हा बसवून दिली. महिन्याभरात हिच्याच घरी, ही कामावर असताना, पाणीखात्याचा माणूस टाकी बघायला आला. सासूने त्याला आत घेतलं, बसवलं, चहा केला. चहा होईपर्यंत भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ आणि दोन चांगली पातेली गेली. संध्याकाळी सासू रडत सांगत होती, दिसायला किती सभ्य होता म्हणून सांगू, कॉलर अशी बसली होती मानेवर.

"ती कॉलर मी बसवलेली," चौकशीबाई म्हणाली. "सासूबाई जगल्या तोवर म्हणायच्या, तुझ्या हाताला यश आहे गं, चोरालासुद्धा शोभून दिसलं."

एरवी एवढं ऐकल्यावर माणूस विरघळतो. मी नाही विरघळले. मी तिला म्हटलं, "हे बघ, दुधाने तोंड पोळलं म्हणून तू ताक फुंकून पी, पण मुलांना ताकच पिऊ नका म्हणून कसं चालेल? घाबरलेल्या पोराने कुणाकडे तरी जायला हवं की नको?"

"ओळखीच्या माणसाकडे जावं."

"ओळखीचं कुणी नसेल तर?"

"मग जागेवर बसावं आणि ओरडावं."

तिचं मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. पुस्तकातलं ते वाक्य मी काढलेलं नाही. मला तर तिचाच संशय यायला लागला होता. दाराची किल्ली हातात आली की माणसाला चव लागते. मोठमोठ्या हुद्द्यावरची माणसं या लहान दारातून वाकून आत येत आणि ही त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत बघत सावकाश कुलूप काढी. हे सगळं मुलांसाठी की स्वतःसाठी? तिच्या चेहऱ्यावर मी ते शोधत बसे आणि ती माझ्या पिशवीत गोळ्या शोधत बसे. असं आमचं चाललं होतं.

मग तो दिवस आला. मुलांचा खेळाचा तास सुरू होता. मैदान शाळेच्या मागे, दारातून दिसत नाही. दुसरीतल्या एका मुलीला पळता पळता दम लागला आणि तो खाली बसेना. तिला दमा होता. खेळाच्या शिक्षिकेने ऑफिसात ओरडून सांगितलं, कारकुनाने अँब्युलन्सला फोन केला आणि सगळेच मैदानाकडे धावले. दारावर सांगायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे यावर भांडणं झाली, कुणी सांगायचं होतं यावर. सरळ आहे, जो फोन करतो त्याने सांगायचं. पण ऑफिसात माणूसच उरला नव्हता.

आम्हाला दोघींना यातलं काही माहीत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी विटांची गाडी रिकामी होत होती, तिच्यामुळे अँब्युलन्स आत येईना. म्हणून ड्रायव्हर तिथेच थांबला आणि अटेंडंट बॅग घेऊन पळत आला. आम्हाला दिसला तो फक्त एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस. ना गाडी, ना भोंगा.

"उघडा, अँब्युलन्स," तो म्हणाला.

"गाडी कुठाय?"

"तिकडे अडकलीय. उघडा लवकर."

"कुणी बोलावलं?"

"शाळेतून फोन आला. बाई, आत मूल आहे."

"आत सगळी मुलंच आहेत," चौकशीबाई म्हणाली. "कार्ड?"

त्याने खिसे चाचपले. कार्ड गाडीत राहिलं होतं. तिने ऑफिसची घंटा दाबली. कुणी येईना. पुन्हा दाबली. मी उठून फटीपाशी गेले. तिने बोटाने मला त्याची पँट दाखवली. खालची दुमड सोडून लांब केलेली, जुन्या घडीची रेघ स्पष्ट दिसत होती. सदऱ्याच्या खिशावर अँब्युलन्सचं नाव भरलेलं, त्याखाली आधीच्या कुणाचं तरी नाव उसवल्याची भोकं.

"हे कपडे याचे नाहीत," ती माझ्या कानात म्हणाली. "दुसऱ्याचे आहेत."

"अगं, असतील. उघड तू."

"तुम्ही ओळखता याला?"

मी ओळखत नव्हते.

"आत जाऊन विचारून तरी ये," मी म्हटलं.

"अनोळखी माणूस दारात असताना दार सोडायचं नाही."

बाहेर तो दारावर थापा मारायला लागला, तशी ती आणखी घट्ट झाली. खरा माणूस दार कशाला बडवेल, असं तिला वाटलं असणार. मला वाटत होतं, खरा माणूसच बडवेल. तेवढ्यात खेळाची शिक्षिका मुलीला उचलून मागून धावत आली. मुलीचे ओठ निळसर झाले होते. चौकशीबाईने बघितलं आणि कुलूप काढलं. किल्ली तिच्या हातातून एकदा पडली. अटेंडंटने दारातच बसून मुलीच्या तोंडाला मास्क लावला. मुलगी वाचली, संध्याकाळी घरीही गेली. त्या वेळी दाराशी किती उशीर झाला, यावर कुणाचं एकमत नाही. शिक्षिका म्हणते पुष्कळ, अटेंडंट म्हणतो जीव जाईल एवढा.

दुसऱ्या दिवसापासून तिला घरी बसवलं. मोठ्या बाईंनी एका कंपनीकडून रखवालदार मागवला. उंच, तरुण, निळा कडक युनिफॉर्म, टोपी. पालकांना तो फार आवडला, सगळ्यांना सलाम ठोकायचा. चित्रकारालाही आवडला. "बाई, याच्यावरच करू या ना पुस्तक. हा हसतोसुद्धा."

आठवड्याअखेर मोठ्या बाईंनी वाचनालयाच्या खोलीत बैठक बोलावली. चौकशीबाईला कायमचं काढायचं, पण ती पुष्कळ वर्षांची माणूस, तेव्हा चार जणांसमोर ऐकून घेऊन. मुलीची आई, अटेंडंट, चौकशीबाई आणि सगळं पाहिलेली म्हणून मी. खोलीत पहिलीच्या मुलांच्या खुर्च्या. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले. चौकशीबाई उभीच, पाठ भिंतीला आणि नजर खोलीच्या दारावर.

मी जे पाहिलं ते सांगितलं. काही कमी नाही, काही जास्त नाही.

"कार्ड नव्हतं, हे मान्य," अटेंडंट म्हणाला. तो अजून चिडलेला होता. "पण बाई माझ्याकडे बघायलाच तयार नाहीत. पँटकडे बघतायत."

"पँट तुमची नव्हती," चौकशीबाई म्हणाली.

तो ओशाळला. "नव्हती. आमचा एक जण निवृत्त झाला, त्याची आहे. नवे कपडे मिळेनात मागून मागून. हे वर कुणाला सांगू नका, मलाच ओरडतील."

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं."

"कपडे दुसऱ्याचे होते, माणूस खरा होता," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माणूस खरा का खोटा ते मला कसं दिसणार? कपडे दिसतात."

तिथे माझा संयम सुटला. "अगं, हेच तर तू मला महिनाभर शिकवत होतीस," मी म्हटलं. "कपड्यांवर जाऊ नका, कपडे कुणीही शिवून घेतो. आणि वेळ आली तेव्हा तू कपड्यांवरच गेलीस. त्याचं तोंड बघितलंस? घामाने निथळत होता. चोर असा येतो?"

तिने पहिल्यांदाच दारावरची नजर काढली आणि अटेंडंटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"धाप लागली होती तुम्हाला," ती म्हणाली.

"कोपऱ्यापासून पळत आलो."

"ते मी बघायला हवं होतं." मग म्हणाली, "धाप चोरालाही लागते. पण बघायला हवं होतं."

मोठ्या बाईंनी कागद आवरायला घेतले. त्यांच्या लेखी निकाल लागला होता. तेव्हा मुलीची आई बोलली. ती कामावरून तशीच आली होती, अंगात पांढरा कोट.

"मी काय करते, माहीत आहे तुम्हाला?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "हॉस्पिटलात ना?"

"औषधांच्या दुकानात खोकी लावते. कोट दुकानाचा आहे. ही बाई मला पहिल्या दिवसापासून अडवायची. कोण, कुणाची आई, कोट कसला. मला राग यायचा. परवा तुमच्या नव्या माणसाने मला सलाम ठोकला, या डॉक्टर म्हणाला आणि दार उघडलं. काही विचारलं नाही. मी वर्गात गेले, मुलीला घेतलं, बाहेर आले. पुन्हा सलाम. काल मुद्दाम तसंच केलं. पुन्हा तेच."

मोठ्या बाईंनी आवरलेले कागद पुन्हा खाली ठेवले.

"मला ही बाई आवडत नाही," आई म्हणाली. "त्या दिवशीचं मी विसरणार नाही. माझं पोर दाराच्या आत तडफडत होतं आणि ही शिलाई बघत होती. पण तुमच्या त्या सलामाने मला रात्रभर झोप नाही. माझ्यासारखं कुणीही पांढरा कोट घालून येईल. दारात हीच हवी. फक्त एक अट. संशय असला तरी माणसाला बाहेर उभं करायचं नाही. आत घ्यायचं, दाराला आतून कुलूप लावायचं आणि त्याची बाही धरून बरोबर जायचं, जिथे जायचंय तिथपर्यंत."

"अनोळखी माणूस आत घ्यायचा?" चौकशीबाई म्हणाली.

"बाही सोडायची नाही."

"आणि तेवढ्यात दुसरं कुणी आलं तर?"

"तो थांबेल. ज्याला आतून घाईने बोलावलंय, तो तर तुझ्याबरोबर आत गेलेला असेल."

चौकशीबाईला ते पटत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. दार सोडायचं, या एका गोष्टीवर ती अडली होती. मोठ्या बाईंना घाई झाली. "मान्य असेल तर सोमवारपासून या. नसेल तर त्या कंपनीला कळवते."

"तो निळा मुलगा कुठला आहे?" चौकशीबाईने विचारलं. "कुणी ओळखतं का त्याला?"

कुणी ओळखत नव्हतं.

"मग येते," ती म्हणाली.

तिच्यावरचं पुस्तक मी लिहिलं. शेवटच्या पानावरच्या चित्रात ती एका माणसाची बाही धरून मैदान ओलांडते आहे आणि हसत नाही. प्रकाशकाने दोनदा फोन केला, थोडं तरी हसू द्या म्हणाला. मी नाही म्हटलं. कच्चं चित्र तिला दाखवायला नेलं, तर तिने बाही धरलेल्या माणसावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"कुणी नाही. चित्रातला आहे."

"तरी नाव विचारून घ्या चित्रकाराला. कुणा खऱ्या माणसाला बघून काढला असेल."

मी विचारलं. चित्रकाराने त्याच्या मेहुण्याला बघून काढला होता.

त्या मुलीची आई अजून सकाळी पांढरा कोट घालून मुलीला सोडायला येते. फट उघडते. "कोण?" चौकशीबाई विचारते, आणि तिला ती कोण हे पुरतं ठाऊक असतं. आई कपाळाला आठ्या घालते. मग वर्ग सांगते, मुलीचं नाव सांगते, आपण तिची आई असल्याचं सांगते आणि कोट कुठल्या दुकानाचा तेही सांगते. रोज सगळं सांगते. मागे उभ्या असलेल्या पालकांना उशीर होतो, ते कुरकुरतात. आई वळून त्यांना म्हणते, "थांबा जरा, विचारू दे तिला."

कुलूप निघतं.